शिसवाची गिटार, भरीव बास आणि मधला ‘म्हणून’

गिटार वाजवणारे तीन-चार जण एकत्र जमले की वाजवणं कमी आणि सामानाच्या गप्पा जास्त होतात. तुम्ही स्वतः वाजवत असाल तर हे वेगळं सांगायला नको. कुणी कोणत्या स्ट्रिंग्ज टाकल्या, कुणाचा अ‍ॅम्प किती वॅटचा, कुणी कोणती गिटार विकून कोणती घेतली, असं सगळं चालू असतं. आणि या गप्पांत एक वाक्य हमखास येतं: “रोजवुडची आहे ना, म्हणून बास इतका भरीव येतो.” लाकडाचं नाव बदलतं, वाक्य तेच राहतं. महोगनी आहे म्हणून गोड, मेपल आहे म्हणून टणक आणि चकचकीत.

आजचा लेख म्हणजे या एका वाक्याची समीक्षा आहे. या वाक्यात तीन भाग आहेत. ‘रोजवुडची आहे’ ही माहिती झाली. ‘बास भरीव येतो’ हे निरीक्षण झालं. आणि मधला ‘म्हणून’ हा कार्यकारणाचा दावा आहे. पहिले दोन भाग बहुतेक वेळा खरे असतात. सगळा घोळ तिसऱ्यात आहे. गंमत म्हणजे, हा ‘म्हणून’ खोडून काढण्यासाठी जे लोक संशोधनाचे दाखले फेकतात, तेही बऱ्याचदा दुसऱ्या टोकाचा तेवढाच कच्चा ‘म्हणून’ वापरतात. दोघांनाही तपासू.

वेल्डिंगचा चष्मा लावून गिटार

या विषयावर सगळ्यात जास्त उद्धृत होणारा शोधनिबंध २०१८ साली अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या जर्नलमध्ये आला. संशोधक इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातले, सॅम्युएल कार्काग्नो, ख्रिस्तोफर प्लॅक आणि त्यांचे सहकारी. त्यांच्यासोबत रॉजर बकनॉल होते, जे फिल्ड गिटार्स या नावाने अनेक दशकं गिटारी बनवत आले आहेत. म्हणजे प्रयोगशाळा आणि कारागीर दोघं एका टेबलाशी बसलेले. हे महत्त्वाचं आहे, कारण अशा संशोधनावर नेहमीचा आक्षेप असतो की “यांना वाद्यातलं काय कळतं?”

त्यांनी स्टीलच्या तारांच्या सहा अकूस्टिक गिटारी बनवल्या. आराखडा एक, वरची पाटी एकाच जातीच्या लाकडाची, ब्रिज आणि आतल्या पट्ट्या एकाच पद्धतीच्या. फरक फक्त मागच्या पाटीत आणि बाजूंच्या लाकडात: ब्राझिलियन रोजवुड, इंडियन रोजवुड, महोगनी, मेपल, सपेली आणि अक्रोड. यातली काही लाकडं दुर्मिळ आणि अतिशय महाग, काही सहज मिळणारी.

मग ५२ गिटारवादकांना मंद उजेडाच्या खोलीत, वेल्डिंगवाले वापरतात तसा काळा चष्मा लावून, या गिटारी वाजवायला दिल्या आणि आवाजाला गुण द्यायला सांगितलं. सहाही गिटारींना मिळालेले गुण जवळजवळ सारखे आले. त्यानंतर वेगळ्या ३१ वादकांवर एबीएक्स नावाची चाचणी झाली. यात आधी गिटार ‘ए’ देतात, मग ‘बी’ देतात, आणि मग या दोघींपैकीच एक ‘एक्स’ म्हणून हातात ठेवतात. ओळखा पाहू, ही कोणती? चांगली-वाईट ठरवायचं नाही, फक्त वेगळी आहे एवढं कळतंय का ते पाहायचं. वादकांना ते सहज जमलं नाही. ना आवाजावरून, ना हाताला लागणाऱ्या स्पर्शावरून.

याशिवाय यंत्रानेही मोजमाप झालं. ब्रिजपाशी ठरावीक जोर दिला की ती जागा कोणत्या वारंवारतेला किती हलते हे मोजतात. आमच्यासारख्या कंपनं मोजणाऱ्यांचा हा रोजचा खेळ. या मोजमापात सहा गिटारींमध्ये छोटे फरक दिसले. पण ते मुख्यतः लाकडाच्या जातीमुळे नसून हातकामात उरलेल्या बारीक फरकांमुळे असावेत, असं संशोधकांचं म्हणणं आहे.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. माझ्या मते अख्ख्या निबंधातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे, आणि चर्चेत तीच सगळ्यात कमी येते.

निबंध काय म्हणतो आणि लोक काय वाचतात

लोक वाचतात: “लाकडाने काही फरक पडत नाही. सिद्ध झालंय.”

निबंध असं म्हणत नाही. पहिली गोष्ट, वरची पाटी सगळ्यांची एकाच जातीची होती. तिच्याबद्दल या प्रयोगाला काहीही विचारलेलं नाही, त्यामुळे तिच्याबद्दल उत्तरही नाही. दुसरी गोष्ट, ‘सहज ओळखता आल्या नाहीत’ आणि ‘फरक शून्य आहे’ ही दोन वेगळी विधानं आहेत. प्रयोगातून इतकंच कळतं की फरक असलाच तर तो दुकानात, बैठकीत, मित्राच्या घरी चटकन कळेल एवढा मोठा नाही. पण गप्पांमधला दावा नेमका तोच असतो ना! “पहिली कॉर्ड वाजवली आणि कळलं, रोजवुड आहे.” त्या दाव्याला या प्रयोगाने चांगलाच धक्का दिलाय.

आता निबंधाची उणीवही सांगतो. प्रत्येक लाकडाची एकेकच गिटार होती. समजा मेपलची गिटार सगळ्यांत वेगळी ठरली असती. तर ती मेपलमुळे वेगळी की ‘ती’ गिटार म्हणून वेगळी, हे सांगता आलं नसतं. प्रत्येक लाकडाच्या निदान तीन-तीन गिटारी असत्या, तर एका जातीतला आपापसातला फरक आणि दोन जातींमधला फरक शेजारी ठेवता आला असता. अर्थात एक चांगली गिटार हाताने बनवायला किती वेळ आणि पैसा लागतो ते पाहता अठरा गिटारींची मागणी करणं मला सोपं आहे, बनवणाऱ्याला नाही. शिवाय निकाल ‘ठळक फरक नाही’ असा आल्यामुळे ही उणीव इथे कमी बोचते. तरी ती आहे.

पण ही उणीव समजली की आपल्या गप्पांमधली मोठी उणीवही समजते. प्रयोगशाळेत निदान बाकी सगळं सारखं ठेवायचा आटापिटा केलेला होता. आपण काय करतो? आपली रोजवुडची गिटार आणि मित्राची महोगनीची, एवढीच तुलना. एकीच्या तारा आठ दिवसांपूर्वी बदललेल्या, दुसरीच्या आठ महिन्यांपूर्वी. एकीचा देह मोठा ड्रेडनॉट, दुसरीचा लहान. एकीची किंमत दुसरीच्या दुप्पट, आणि ती आपण स्वतः मोजलेली. एवढ्या दहा गोष्टी एकदम बदलल्यात आणि त्यातून आपण एक निवडतो, जी लेबलवर लिहिलेली असते.

म्हणजे ‘माझ्या गिटारचा बास भरीव आहे’ हे खरं असू शकतं. एकाच कारखान्यातल्या, एकाच मॉडेलच्या दोन गिटारी वेगळ्या वाजतात हा वादकांचा अनुभवही खरा असू शकतो. उलट हातकामातल्या फरकांचं ते मोजमाप त्या अनुभवाला दुजोराच देतं. फक्त तो फरक ‘या’ गिटारचा असतो. ‘या लाकडाचा’ असेलच असं नाही.

मग बास येतो कुठून?

तार स्वतः फारच कमी हवा हलवते. ती इतकी बारीक असते की हवा तिच्या बाजूने निसटून जाते. तार ब्रिजला हलवते, ब्रिज वरच्या पाटीला हलवतो, आणि ती रुंद पाटी हवा ढकलते. पाटीसोबत पेटीतली हवाही छिद्रातून आतबाहेर होते, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर होते तशी. मोठ्या अकूस्टिक गिटारमध्ये या हवेचा अनुनाद साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो. सगळ्यात जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ९८ हर्ट्झचा. करून पाहा: जाड तारेवर एकेक फ्रेट वर सरकत सारख्याच जोराने वाजवा. कुठल्यातरी एक-दोन फ्रेटवर सूर एकदम फुगल्यासारखा वाटेल. आता पुठ्ठ्याने छिद्र अर्धं झाका आणि पुन्हा वाजवा. फुगलेली जागा खाली सरकलेली जाणवेल.

म्हणजे भरीव बासचं श्रेय द्यायचंच असेल तर आधी पेटीचा आकार, छिद्राचा व्यास, वरच्या पाटीची जाडी आणि तिच्या आतल्या पट्ट्या यांना विचारायला हवं. मागची पाटी हलते, पण त्या मानाने कमी. शिवाय बसून वाजवताना ती आपल्या पोटाला टेकलेली असते, तिथे तिची बरीच हालचाल दबते. जिला आपण सगळं श्रेय देतो ती पाटी बिचारी निम्मा वेळ आपल्या शर्टाला चिकटलेली असते.

हा विचार नवा नाही. आजच्या क्लासिकल गिटारचा आराखडा ज्यांच्यापासून सुरू झाला असं मानतात त्या स्पेनच्या अंतोनियो दे तोरेस यांनी १८६२ साली मागची पाटी आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या केलेली एक गिटार बनवली. वरची पाटी मात्र लाकडाची, मन लावून केलेली. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. पुढे १९९५ मध्ये अमेरिकेतल्या बॉब टेलर यांनी माल वाहायच्या टाकाऊ पॅलेटच्या ओक लाकडातून गिटार करून दाखवली. दोन्ही उदाहरणं लोक पुरावा म्हणून देतात. मी देणार नाही. एका गिटारवरून रोजवुड श्रेष्ठ ठरत नसेल, तर एका गिटारवरून ते बिनमहत्त्वाचंही ठरत नाही. या दोन गिटारींतून इतकंच कळतं की ज्यांनी आयुष्यभर हेच काम केलं त्या कारागिरांचा भरवसा कशावर होता.

इलेक्ट्रिकचं प्रकरण वेगळं

लाकडाचा वाद इलेक्ट्रिक गिटारवर आणखी तापतो, आणि तिथे दोन्ही प्रकारच्या गिटारींची सरमिसळ होते. इलेक्ट्रिकमध्ये आवाज हवेतून उचलला जात नाही. पिकअप म्हणजे चुंबक आणि भोवती तारेचं वेटोळं. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेटोळ्यात विजेचा बारीक प्रवाह तयार होतो. लाकूड काय म्हणतंय ते पिकअपला थेट ऐकू येत नाही. लाकडाला काही सांगायचंच असेल तर ते तारेच्या हालचालीत बदल करूनच सांगता येतं.

तुलनेसाठी एक हिशोब करू. स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या सिंगल कॉइल पिकअपचा इंडक्टन्स साधारण २.४ हेन्री धरा. गिटारच्या केबलचा कपॅसिटन्स मीटरमागे १०० ते १५० पिकोफॅरड असतो. ३ मीटरची केबल आणि वेटोळ्याचा स्वतःचा मिळून एकूण ५०० पिकोफॅरड धरला, तर पिकअप आणि केबल यांचा मिळून अनुनाद सुमारे ४६०० हर्ट्झला येतो. आता फक्त केबल बदला, ६ मीटरची लावा. एकूण साधारण ९०० पिकोफॅरड. अनुनाद उतरून सुमारे ३४०० हर्ट्झवर येतो. आपला कान सगळ्यात तल्लख असतो तो २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात. म्हणजे बरोबर तिथेच आपण हा उंचवटा हजारभर हर्ट्झने सरकवला, आणि तोही एक साधी वायर बदलून. आवाज ‘गरम’ झाला असं वाटेल. त्या दिवशी तुमच्या हातात महोगनीची गिटार असेल, तर श्रेय कुणाला जाईल ते सांगायला नको.

आणखी एक करून पाहा. स्ट्रॅटचा मानेकडचा पिकअप ब्रिजपासून तारेच्या लांबीच्या साधारण पाव अंतरावर असतो. मोकळ्या तारेचा चौथा हार्मोनिक नेमका तिथे स्थिर असतो. मानेकडचा पिकअप निवडा, पाचव्या फ्रेटवर बोट हलकंच टेकवून हार्मोनिक काढा. मलूल येईल. स्विच फिरवून ब्रिजकडचा पिकअप घ्या. तोच हार्मोनिक खणखणीत. लाकूड तेच, हात तोच, तार तीच. बदलली ती ऐकण्याची जागा.

या सगळ्याचं टोक नॅशव्हिलच्या जिम लिल या गिटारवादकाने एका व्हिडिओत गाठलं. त्याने एकेक भाग बदलत आवाज रेकॉर्ड केला आणि शेवटी देह आणि मान दोन्ही काढून टाकून दोन बाकांच्या मध्ये तारा ताणल्या, खाली पिकअप ठेवला. आवाज चकित करण्याइतका खऱ्या गिटारसारखा आला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही शिस्त त्याने ज्या चिकाटीने पाळली ती पाहून मला आमच्या क्षेत्रातल्या काही निबंधांची आठवण झाली आणि तुलना निबंधांच्या बाजूची नव्हती.

तरीही इथे थांबून “इलेक्ट्रिकमध्ये लाकूड शून्य” म्हणणं घाईचं आहे. रेकॉर्डिंग ऐकणारा आणि वाजवणारा यांचे प्रश्न वेगळे असतात. १९९० च्या दशकात जर्मनीत हेल्मुट फ्लायशर आणि टिल्मान झ्विकर यांनी इलेक्ट्रिक गिटारींच्या मानेची कंपनं मोजली. काही ठरावीक जागी वाजवलेला सूर बाकीच्यांपेक्षा फार लवकर मरतो, हे वादकांना पूर्वीपासून माहीत होतं. त्याला ‘डेड स्पॉट’ म्हणतात. फेंडर पद्धतीच्या बास गिटारवर सगळ्यात बारीक तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास तो बऱ्याचदा सापडतो. मोजमापातून कारण दिसलं: त्या जागी मानेचं स्वतःचं कंपन आणि तारेचा सूर जुळतात, आणि तारेची ऊर्जा मानेत झिरपून जाते. इथे मानेचा ताठपणा, वजन, जोडणी, म्हणजे लाकूडही, ऐकू येईल असा फरक करतं.

पण हा फरक कसा आहे पाहा. ‘मेपल म्हणजे चकचकीत’ असा तो सरसकट गुण नाही. विशिष्ट गिटारच्या विशिष्ट तारेवर विशिष्ट फ्रेटला सूर किती टिकतो, एवढाच त्याचा आवाका. ही माहिती लेबलवर मिळत नाही. ती प्रत्येक फ्रेट वाजवून पाहणाऱ्या वादकालाच मिळते.

वादकाला वेड्यात काढू नका

म्हणूनच संशोधनाच्या नावाखाली वादकांची टिंगल करणाऱ्यांशी माझं भांडण आहे. डेड स्पॉट प्रथम बोटांना सापडला, यंत्राला नंतर. व्हायोलिनच्या बाबतीतही असंच झालं. क्लॉडिया फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २१ वादकांनी काळा चष्मा लावून जुनी इटालियन आणि नवी व्हायोलिनं वाजवली. घरी न्यायला एक निवडा म्हटल्यावर बहुतेकांनी नवं निवडलं. त्यावर आक्षेप आले: हॉटेलची खोली कसली, एवढ्या कमी वेळात वाद्य कळतं का? संशोधकांनी हे आक्षेप झटकले नाहीत. २०१४ च्या पुढच्या निबंधात १० नामवंत एकल वादक होते, १२ व्हायोलिनं, प्रत्येकी सव्वा तासाच्या दोन बैठका, त्यातली एक चक्क मैफलीच्या सभागृहात. निकाल पुन्हा नव्या वाद्यांच्या बाजूला झुकला. पण या वेळी तो जास्त भक्कम होता, आणि तो भक्कम झाला तो तक्रार करणाऱ्यांमुळे.

गप्पांवर माझी टीका आहे ती ऐकण्यावर नाही, शब्दांवर आहे. आणि चांगले शब्द कसे असतात याचं उदाहरण आपल्या घरातच आहे. तंबोरा लावताना आपण ‘जवारी’बद्दल बोलतो. जवारी खुली आहे, बंद आहे, बोलत नाही. हा शब्द आवाजाबद्दलही आहे आणि घोडीच्या विशिष्ट जागेबद्दलही: तार जिथे घोडीच्या किंचित गोलसर पाठीवर टेकते तो भाग, आणि त्यांच्या मधला सुती दोरा. दोरा केसभर सरकवला की आवाज उमलतो किंवा मिटतो, समोरच्याला लगेच ऐकू येतं. कानस घेऊन जवारी काढणारा मिरजेचा कारागीर आणि मांडीवर तंबोरा घेऊन बसलेली गायिका एकाच गोष्टीबद्दल बोलतात, आणि ती बदलून पाहता येते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंतुवाद्यांवर लिहिलं तेव्हा त्यांचं लक्ष याच घोडीकडे गेलं. तार ज्या बिंदूवर छेडली तिथे स्थिर असणारे हार्मोनिक साध्या घोडीवर उमटत नाहीत, तंबोऱ्याच्या घोडीवर मात्र उमटतात, हे त्यांनी दाखवलं. कलाकारांचा शब्द शास्त्रज्ञाला थेट कारणापाशी घेऊन गेला.

‘रोजवुडचा टोन’ हा शब्द असा कुठेच घेऊन जात नाही. विकत घेतल्यावर मागची पाटी कुणी बदलून पाहत नाही. त्यामुळे हा दावा कधी खोटा ठरण्याची वेळच येत नाही. गप्पांत तो टिकतो तो यामुळे.

यात गमावण्यासारखं काय आहे?

कुणी म्हणेल, असू दे ना. हौसेच्या गप्पा आहेत, कुणाचं काय जातं?

एक तर झाडं जातात. ब्राझिलियन रोजवुड गिटारसाठी सर्वोत्तम, या ख्यातीचा मोठा वाटा त्याच्या मागणीत होता. ते मिळेनासं झाल्यावर मार्टिन कंपनीने १९६९ च्या सुमारास आपल्या गिटारींसाठी इंडियन रोजवुड घ्यायला सुरुवात केली. हे इंडियन रोजवुड म्हणजे आपला शिसव. सह्याद्रीच्या आणि दक्षिणेच्या जंगलांतला, जुन्या वाड्यांतल्या शिसवी कपाटांचा आणि पलंगांचा. १९९२ मध्ये ब्राझिलियन रोजवुड धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या सगळ्यात कडक यादीत गेलं. २ जानेवारी २०१७ पासून शिसवासकट त्या वंशातल्या सगळ्याच झाडांवर परवान्याचं बंधन आलं. पुढे २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. कच्च्या लाकडाला नाही, आणि ब्राझिलियन रोजवुडच्या वाद्यांनाही नाही. हे रोजवुडचं सगळं लाकूड गिटारसाठी तोडलं जात नाही, फर्निचरची भूक त्याहून कितीतरी मोठी आहे. पण आपला वाटा ज्या विश्वासावर उभा आहे तो अंधारात, काळ्या चष्म्याआड, ओळखूही येत नसेल, तर तो विश्वास तपासणं आपलं काम आहे. त्या सहा गिटारींत ब्राझिलियनही होती आणि सपेलीही, हे विसरू नका.

दुसरं म्हणजे पैसे. पहिली गिटार घेणाऱ्या मुलाला दुकानात ‘सॉलिड रोजवुड’ हे शब्द ऐकवले जातात आणि बजेट वर सरकतं. त्याच जास्तीच्या पैशात चांगला सेटअप करून मिळाला असता: नट नीट कापलेला, अ‍ॅक्शन खाली आणलेली, फ्रेट घासून सारखे केलेले. अ‍ॅक्शन उंच असलेल्या गिटारवर एफ कॉर्ड लागत नाही म्हणून वाजवणं सोडणारे कमी नाहीत. मागच्या पाटीमुळे कुणी गिटार सोडल्याचं मी ऐकलेलं नाही.

तर मग गप्पा कशा माराव्यात?

भरपूर माराव्यात. फक्त कुणी ‘म्हणून’ म्हटलं की तीन प्रश्न मनात धरा. तुलना कशाशी केली? त्या दोन गोष्टींत नेमकं काय-काय वेगळं होतं? आणि बघायच्या आधी ऐकलं होतं का? शेवटचा प्रश्न घरीही सोडवता येतो. मित्राला दोन्ही गिटारी पाठमोरं होऊन वाजवायला सांगा, क्रम नाणं उडवून ठरवू दे, निदान दहा वेळा करा आणि उत्तरं कागदावर लिहा. दहापैकी पाच बरोबर आली तर ते नाण्याचंच काम आहे. नऊ आली तर मात्र तुमच्या कानाला खरंच काहीतरी कळतंय, आणि मग ते काय आहे हे शोधण्यात मजा आहे: तारा, देहाचा आकार, की आणखी काही.

दुकानात गेलात तर लेबल शेवटी वाचा. प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट वाजवा. सूर कुठे लवकर मरतो, कुठे नको तितका फुगतो, हाताला काय जड जातं ते बघा. जी गिटार आवडेल ती घ्या, ती शिसवाची निघाली तरी घ्या. आणि नंतर मित्रांना सांगताना मधला शब्द तेवढा बदला: “शिसवाची आहे, आणि बास भरीव आहे.” एवढं सगळं खरं आहे. कारण अजून शोधायचंय.

तुमच्याकडे किंवा ओळखीत एकाच मॉडेलच्या, एकाच लाकडाच्या दोन गिटारी असतील, तर सारख्या नव्या तारा टाकून वरचा दहा वेळांचा खेळ करा आणि आकडा मला कळवा. लँकेस्टरच्या प्रयोगात जी जोडी नव्हती, तीच मला हवी आहे.